आदर्श नगरीत जनावर कोण सोलतो?

अलीकडे आपल्या अभ्यासवर्गांमध्ये एक चांगली गोष्ट घडते आहे. तरुण कार्यकर्ते ऑर्वेल वाचतात, हक्स्ले वाचतात, 'बिग ब्रदर' हा शब्द आता जयंतीच्या भाषणातही ऐकू येतो. फोनवर पाळत ठेवल्याची बातमी आली की कुणीतरी लगेच म्हणतो, हे तर ऑर्वेलने १९४९ सालीच लिहून ठेवले होते. आमचा याला आक्षेप नाही. आक्षेप इतकाच की ही पुस्तके आपण ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्याच डोळ्यांनी अजून वाचतो आहोत. युटोपिया म्हणजे सुखी समाजाचे स्वप्न आणि डिस्टोपिया म्हणजे भविष्यात येऊ घातलेले दुःस्वप्न, अशी व्याख्या वहीत उतरवून घेतली जाते. भविष्यात येऊ घातलेले! ज्यांच्या पणजोबांनी ते भोगले, ज्यांच्या आजीने त्यातून पाय बाहेर काढला, त्या घरातल्या पोरांनी ते भविष्य म्हणून वाचावे, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून आम्ही या नगऱ्यांमध्ये एकच प्रश्न घेऊन शिरायचे ठरवले. इथे राजा कोण, कायदा कोणता, हे नंतर पाहू. इथले मेलेले जनावर कोण ओढतो, कातडे कोण सोलतो, खरकटे कोण काढतो, आणि त्याला हे काम सोडून जाता येते का? एवढे विचारले की नगरी आपला खरा चेहरा दाखवते.

थॉमस मोरपासून सुरुवात करू, कारण 'युटोपिया' हा शब्दच त्याचा. इंग्लंडचा हा कायदेपंडित. त्याचे लॅटिन पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले. त्या काळी इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावले जात होते आणि पोटासाठी चोरी करणाऱ्याला फासावर चढवले जात होते. मोरने त्यावर ओढलेला कोरडा आजही वाचावा असा आहे. या अन्यायाला उत्तर म्हणून त्याने एक बेट कल्पिले. बेटावर चोपन्न शहरे, सगळी एकसारखी. खाजगी मालमत्ता नाही. घराच्या दाराला कुलूप नाही, आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायची. दिवसाला फक्त सहा तास काम. सोन्याची तर अशी अवहेलना की त्याची मलमूत्राची भांडी बनवायची. पाचशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे लिहिले, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आता आपला प्रश्न. या बेटावर जनावर कोण सोलतो? गुलाम. शहराच्या हद्दीबाहेर, वाहत्या पाण्याच्या जागी नेऊन गुलामांकडून जनावरे कापून, धुऊन घ्यायची आणि मग साफ मांस बाजारात आणायचे. नागरिकाला हे काम करायला परवानगीच नाही. कारण काय, तर कापाकापीची सवय लागली की माणसाच्या मनातली दया हळूहळू मरते. सामुदायिक भोजनगृहातली घाणीची, कष्टाची कामेही गुलामांकडेच. ज्या सोन्याची भांडी करायची, त्याच सोन्याच्या बेड्या गुलामांच्या पायात.

हे वाचताना आम्ही थांबलो. नागरिकाची दया शाबूत राहावी म्हणून दुसऱ्या माणसाची दया मेली तरी चालेल, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. आपल्या गावातही अहिंसेचा अभिमान एका आळीत राहत होता आणि ढोर ओढण्याचे काम दुसऱ्या वस्तीत. पायात चामड्याची वहाण घालून देवळाच्या पायरीपर्यंत जाणारा माणूस पवित्र, आणि ते चामडे कमावणारा अपवित्र. मोर हा भल्या मनाचा माणूस होता, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. भल्या माणसाच्या स्वप्नातही घाण काढायला कुणीतरी लागतो, आणि तो स्वप्न पाहणाऱ्याच्या घरातला कधीच नसतो.

मोरच्या बाबतीत दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. त्याचे गुलाम म्हणजे गुन्हेगार, युद्धकैदी, परदेशात देहदंड झालेले लोक. आणि गुलामाचे मूल त्याच्या बेटावर गुलाम ठरत नाही. मनूच्या देशात जे जन्माने चिकटते ते मोरच्या बेटावर जन्माने चिकटत नव्हते. म्हणजे सोळाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती माणसाची गुलामगिरीसुद्धा आपल्या पवित्र व्यवस्थेपेक्षा एक पायरी मऊ होती!

पण त्याच बेटावर आणखी एक कलम आहे आणि त्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. एका शहरातून दुसरीकडे जायचे तर अधिकाऱ्याचे पत्र लागते. पत्राशिवाय हद्दीबाहेर सापडलात तर पळपुटे ठरवून शिक्षा. दुसऱ्यांदा सापडलात तर गुलामी. कुलूप नसलेल्या घरांच्या देशात सगळ्या देशालाच कुलूप होते.

मोरच्या आधी सुमारे एकोणीसशे वर्षे प्लेटो होऊन गेला. त्याच्या 'रिपब्लिक'मधल्या नगरीत तीन वर्ग आहेत. राज्य करणारे, रक्षण करणारे आणि पिकवणारे-घडवणारे. लोकांनी हे मुकाट मान्य करावे म्हणून एक थाप मारायची, असे प्लेटो सरळ सांगतो: तुम्ही सगळे भूमीच्या पोटातून आलात, कुणाच्या अंगात सोने मिसळले आहे, कुणाच्या चांदी, कुणाच्या लोखंड आणि कांसे. पुरुषसूक्त ऐकलेल्या माणसाला यात नवीन काय वाटणार? फरक एवढाच, की प्लेटो आपली गोष्ट खोटी आहे हे वाचकाला सांगून टाकतो, आणि सोन्याच्या आईबापांच्या पोटी लोखंडाचे मूल आले तर त्याला खाली पाठवा, लोखंडाच्या घरी सोने जन्मले तर वर घ्या, असेही म्हणतो. आपल्याकडे थाप हीच श्रुती झाली.

बाबासाहेबांनी प्लेटोला कसे हाताळले ते प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावे. 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण. वेदांवरचा घाव मंडळाला सोसेना. भाषणात बदल करा, असा आग्रह झाला, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि १९३६ च्या मे महिन्यात त्यांनी ते स्वतः छापले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. हा इतिहास आपल्याला पाठ असतो. पण त्याच पुस्तकात चातुर्वर्ण्याची तुलना प्लेटोच्या राज्याशी केली आहे, तो भाग अभ्यासवर्गात घाईने उलटला जातो.

तिथला युक्तिवाद थोडक्यात असा. माणसांना तीन किंवा चार खणांत टाकता येते, हे गृहीतच चूक. प्रत्येक माणूस वेगळा, त्याच्यात अनेक प्रवृत्ती, अनेक शक्यता. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनी १९१६ च्या आपल्या शिक्षणावरच्या ग्रंथात प्लेटोवर हाच आक्षेप घेतला होता. बाबासाहेबांनी तो आक्षेप उचलला आणि जिथे ड्युई थांबले तिथून पुढे नेला. ते विचारतात, माणूस खणात मावत नसेल तर त्याला खणात ठेवायचे कसे? उत्तर एकच: शिक्षेने. आपल्या खणात राहण्याची माणसाची नैसर्गिक ओढ नसते, म्हणून दंडाशिवाय चातुर्वर्ण्य एक दिवसही उभे राहू शकत नाही.

आणि इथे ते शंबूकाची गोष्ट काढतात. उत्तरकांडातली ही कथा आपल्याला माहीत आहे. ब्राह्मणाचे मूल मेले, कारण राज्यात कुठेतरी शूद्र तप करतो आहे. राम निघाला, शंबूकाला शोधले, त्याचे डोके उडवले आणि मूल जिवंत झाले. यावर आपली सवयीची प्रतिक्रिया रागाची असते, राम क्रूर होता अशी. बाबासाहेब मात्र म्हणतात की रामाला एकट्याला दोष देणे म्हणजे प्रश्न न समजणे. रामराज्य चातुर्वर्ण्यावर उभे होते, राजा म्हणून ते टिकवणे रामाला भागच होते. शंबूक आपला खण सोडून दुसऱ्या खणात शिरला होता. मनुस्मृतीत जीभ छाटण्यासारख्या शिक्षा का आहेत, याचेही उत्तर त्यांनी असेच दिले. शिक्षा ही त्या आदर्शाची विकृती नव्हती, तो आदर्श शिक्षेच्याच खांबावर उभा होता.

आम्हाला विचाराल तर जगातल्या साऱ्या आदर्श नगऱ्यांवरची ही सर्वांत नेमकी टीका आहे, आणि ती १९३६ सालची आहे. ऑर्वेलची कादंबरी तेव्हा तेरा वर्षे दूर होती. साहित्याच्या वर्गात डिस्टोपिया शिकवताना हे पान कधी वाचून दाखवले जाते का, हे तुम्हीच सांगा.

महात्मा गांधींनी त्याच वर्षी 'हरिजन'मधून या पुस्तकाला उत्तर दिले. जात वाईट, पण वर्ण वेगळा, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येकाने वाडवडिलांचा व्यवसाय करून पोट भरावे, ब्राह्मणाचे काम आणि सफाई करणाऱ्याचे काम यांचा दर्जा सारखाच मानावा. ठीक आहे, दर्जा सारखा. मग आठवड्यातून एक दिवस अदलाबदल करू, असे म्हटले तर? मोरने निदान घरांची अदलाबदल ठेवली होती.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एका कादंबरीने हा प्रश्न उघडपणे विचारला होता. आल्डस हक्स्ले १९२५-२६ मध्ये हिंदुस्थान फिरून गेलेला लेखक. त्याची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२ साली आली, पुणे कराराच्या वर्षी. तिच्यात माणसे आईच्या पोटी जन्मतच नाहीत. बाटल्यांत वाढवली जातात आणि वाढवतानाच त्यांची जात ठरते. हो, जात. हक्स्लेने इंग्रजीतला तोच शब्द वापरला आहे. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशा पाच. खालच्या जातीच्या गर्भाला प्राणवायू कमी द्यायचा, म्हणजे मेंदू खुरटतो. एकाच बीजांडातून शहाण्णवपर्यंत सारखी माणसे काढायची. डेल्टांच्या रांगत्या बाळांपुढे रंगीत पुस्तके आणि फुले ठेवायची, ती हात लावायला गेली की कर्कश भोंगे आणि विजेचे झटके द्यायचे, म्हणजे जन्मभर पुस्तकाची भीती बसते. शिसे ओतण्याची गरज उरत नाही. प्रत्येक जातीचा पोशाख ठरलेला, डेल्टांना खाकी, एप्सिलॉनांना काळा. आणि कुणाला अस्वस्थ वाटलेच तर त्याला 'सोमा' नावाची गोळी. हे नाव हक्स्लेने आपल्या वेदांतूनच उचलले आहे!

यात आम्हाला सर्वांत खरी वाटते ती झोपेतली शिकवणी. रात्री उशाशी आवाज चालू असतो. बीटाच्या मुलाला तो सांगतो की आल्फा होऊ नकोस, त्यांना फार काम पडते, आणि गॅमा-डेल्टांशी तर खेळूही नकोस, ते मूर्ख आहेत. वरच्याचा हेवा नको, खालच्याचा तिटकारा हवा. बाबासाहेबांनी जिला क्रमिक विषमता म्हटले तिचे यंत्र असे चालते. वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार. मधल्या पायरीवरच्या प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, म्हणून तो वरच्याच्या पायाखाली राहायला तयार होतो. हक्स्लेला यासाठी प्रयोगशाळा लागली. आपल्याकडे ओवी, म्हण आणि सोयरीक एवढ्यावर भागले.

कादंबरीच्या शेवटाकडे मुस्तफा माँड नावाचा जगाचा नियंत्रक एक हकीकत सांगतो. सायप्रस बेट रिकामे करून तिथे बावीस हजार आल्फा नेऊन सोडले. सगळे हुशार, सगळे वरचे. शेती, कारखाने, सगळे त्यांच्या हाती दिले. सहा वर्षांच्या आत यादवी पेटली, कारण हलके काम कुणालाच नको होते आणि ज्याच्या वाट्याला आले तो ते सोडण्यासाठी कारस्थान करत होता. एकोणीस हजार मेले तेव्हा उरलेल्यांनी अर्ज केला की आम्हाला पुन्हा ताब्यात घ्या. माँडचा निष्कर्ष असा की समाज हिमनगासारखा असावा, नऊपैकी आठ भाग पाण्याखाली आणि एकच भाग वर.

अनेक वाचक इथे माँडच्या युक्तिवादाने गांगरतात. आपल्या तरुणांनी गांगरू नये. हलक्या कामाची वाटणी कशी करावी, ते काम यंत्राने कसे कमी करावे, त्याला जास्त मजुरी का देऊ नये, हे त्या बावीस हजार हुशारांना सुचले नाही, याचे कारण त्यांना घडवलेच होते ते काम दुसऱ्यावर टाकण्यासाठी. आरक्षण विरोधातली भाषणे आठवा. 'सगळेच साहेब झाले तर झाडू कोण मारणार?' हा प्रश्न विचारणारा आपल्या मुलाचे नाव उत्तरात कधीच घेत नाही. आणि माँड स्वतः? तो एके काळी हुशार भौतिकशास्त्रज्ञ होता. सत्तेसाठी त्याने संशोधन सोडले आणि आता दुसऱ्यांचे संशोधन दाबतो. नियंत्रणाची किंमत फक्त पाण्याखालचे आठ भाग देत नाहीत. बाबासाहेबांनी हिंदू समाजाबद्दल हेच सांगितले होते, की जातीने सार्वजनिक हिताची जाणीवच मारली. माणसाची बांधिलकी जातीपुरती आणि नीती जातीपुरती राहिली.

आता ऑर्वेलकडे येऊ. हा माणूस १९०३ साली बिहारात मोतीहारीला जन्मला, बाप सरकारी अफू खात्यात. पुढे १९२२ ते १९२७ तो ब्रह्मदेशात इंग्रजांचा पोलीस अधिकारी होता. म्हणजे पाळत ठेवण्याचे काम त्याने आधी स्वतः केले, लिहिले नंतर. 'नाइन्टीन एटी-फोर'मधल्या राज्यात टेलिस्क्रीन चोवीस तास माणसाला पाहतो. पण कुणाला? पक्षाच्या सभासदांना. लोकसंख्येतले पंच्याऐंशी टक्के कष्टकरी, ज्यांना तो 'प्रोल' म्हणतो, त्यांच्यावर फारशी पाळत नाही. बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनसुद्धा नाही. त्यांना विचारच करता येत नाही, मग पाहायचे कशाला, असा राज्यकर्त्यांचा हिशेब. ऑर्वेलचे भय हे मधल्या, शिकलेल्या वर्गाचे भय आहे. आपल्या खोलीत कुणीतरी डोकावेल, हे भय ज्याला स्वतःची खोली आहे त्याला असते.

आपल्या देशात पाळत उलट दिशेने सुरू झाली, सर्वांत खालून. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, आणि चुकून विटाळ होऊ नये म्हणून मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवले आहे. वतनदार महार दिवसाचे चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील, आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीही हजर व्हायचे. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ नंतर त्याची पकड देशभर बसली. जन्मल्याबरोबर गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास लागायचा. मोरच्या बेटावरचे ते पत्र इथे खरोखरचा कागद बनून हातात आले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाली होती.

कुणी विचारते की दलित साहित्यात डिस्टोपियन कादंबरी का नाही? 'बलुतं' १९७८ ची, 'उपरा' १९८० ची, 'उचल्या' १९८७ ची. ही पुस्तके ज्या शेल्फवर ठेवली आहेत तिथे 'आत्मकथन' अशी पाटी आहे. पाटी बदलून पाहा.

आणि हे सगळे जुने झाले असे कुणाला वाटत असेल तर आजच्या युटोपियाकडे पाहावे. २०१५ साली स्मार्ट सिटीची योजना जाहीर झाली, शंभर शहरे निवडली गेली. चौकाचौकांत कॅमेरे, एका थंडगार खोलीत भिंतभर पडदे. त्याच काळात देशातल्या अनेक महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. त्यात नागपूर होते, ज्या शहरात १९५६ साली लाखोंनी जुना धर्म टाकला ते नागपूर. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, हे पडद्यावरचा ठिपका सांगणार. हद्द सोडली तर पगार कापला जातो, अशा तक्रारी झाल्या. हे घड्याळ आपल्याला बघते-ऐकते काय, ही भीती महिला कामगारांनी बोलून दाखवली. आयुक्तांच्या मनगटावर असे घड्याळ नव्हते. या कामात कोणत्या जातीची माणसे आहेत हे आम्ही सांगायची गरज नाही. मनगटावरचा काळा दोरा आणि मनगटावरचे काळे घड्याळ यांत दोनशे वर्षांचे अंतर आहे. गटारात गुदमरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख केली. ठिपका कुठे आहे हे ज्या शहराला क्षणोक्षणी कळते, त्या शहराला तो गटारात उतरताना दिसत नाही.

इथवर आमच्याशी सहमत असलेल्या डाव्या मित्रांना पुढचे कदाचित रुचणार नाही. समतेच्या नावाने उभी केलेली नगरीही तपासावी लागते. येवगेनी झाम्यातिन हा रशियन जहाज अभियंता, स्वतः एके काळचा बोल्शेविक. क्रांतीनंतर तीन-चार वर्षांतच त्याने 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या. शेवटी शस्त्रक्रिया करून मेंदूतली कल्पनाशक्तीच काढून टाकतात, म्हणजे बंडाचे मूळच संपले. पुस्तक १९२४ साली इंग्रजीत निघाले. रशियात ते छापायला १९८८ उजाडले. झाम्यातिनने १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली आणि १९३७ साली तो पॅरिसमध्ये वारला. (हा लेख आम्हीही 'आम्ही' म्हणूनच लिहितो आहोत. त्या पुस्तकाचे नाव वाचल्यापासून हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.)

बाबासाहेबांनी काठमांडूत २० नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचे दुःख दोघांनी ओळखले, हे त्यांना मान्य होते. प्रश्न साधनाचा होता. याच विषयावरच्या त्यांच्या निबंधात ते विचारतात, की मोलाचे एक ध्येय गाठताना दुसरी मोलाची ध्येये चिरडली नाहीत, असे सांगता येईल का? आणि बळाने उभी केलेली व्यवस्था बळ काढून घेतल्यावर कशावर उभी राहील? समतेसाठी स्वातंत्र्य आणि बंधुता गहाण टाकायला ते तयार नव्हते. शंबूकाच्या वेळी जो प्रश्न त्यांनी रामराज्याला विचारला, तोच मॉस्कोला विचारला. माणूस आपल्या जागी दंडाच्या भीतीने उभा आहे काय?

मग आपले स्वप्न कोणते? ते बाहेरून आणावे लागत नाही. बनारसच्या रविदासांनी, चामडे कमावणाऱ्या हाताने, बेगमपुरा रचला. ते पद गुरु ग्रंथसाहेबात आहे. त्या नगरीत दुःख नाही, कर नाही, दुय्यम-तिय्यम कुणी नाही. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. तिथली माणसे वाटेल तिथे फिरतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. प्लेटो आणि मोर यांनी आपापल्या नगरीत कोण कुठे राहील, काय करील, हे ठरवून दिले. चांभाराने स्वप्न पाहिले तेव्हा त्यात फिरण्याची मोकळीक मागितली. ज्याला वेशीवर अडवले होते, त्यालाच वेस म्हणजे काय ते कळते.

जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एक घर कल्पिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली ते प्रसिद्ध झाले. त्या घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सर्वांनी एका छपराखाली प्रेमाने राहावे. लव्ह जिहादचे कायदे करणाऱ्यांच्या काळात या घरावर किती कलमे लागतील, मोजून पाहा.

आणि बाबासाहेबांचा आदर्श समाज. लाहोरला न झालेल्या त्या भाषणातच तो आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द सगळ्यांना माहीत असतात. पण त्यापुढे ते म्हणतात की आदर्श समाज हलता असला पाहिजे. एका भागात झालेला बदल दुसऱ्या भागापर्यंत पोचवणाऱ्या वाटा त्यात भरपूर असल्या पाहिजेत. ड्युईंकडून घेतलेला शब्द त्यांनी त्यासाठी वापरला, आपण त्याला पाझर म्हणू. थरांमधून आरपार झिरपणारे पाणी. जिथे भिंत आहे तिथे पाझर नाही, मग ती भिंत वर्णाची असो, तारेची असो वा काचेची. या स्वप्नात नगरीचा नकाशा नाही, घरांची संख्या नाही, पोशाखाचा रंग नाही. अनेकांना म्हणून ते अपुरे वाटते. आम्हाला ते मुद्दाम मोकळे सोडलेले वाटते.

ही कसोटी आपल्या चळवळीलाही लावावी लागेल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपल्या संघटनांत नेत्याच्या शब्दावर प्रश्न विचारला की ग्रुपमधून नाव उडते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शिस्त हवी, हे आम्हालाही मान्य आहे. पण बुद्धाच्या संघातली गोष्ट आठवा. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबतच्या उपाली न्हाव्याला आधी दीक्षा देण्यात आली, म्हणजे कालच्या नोकरापुढे राजपुत्रांना वाकावे लागले. आणि देवदत्ताने संघाचे पुढारीपण मागितले तेव्हा बुद्धाने ते दिले नाही. त्याच परंपरेत भिक्षुणींवर आठ वेगळे नियम लादल्याचेही नोंदले आहे, आणि तेही वाचताना डोळे मिटून घेऊ नयेत.

आपली सभा संपते. पाहुणे गाडीत बसतात, फोटो काढणारे फोटो काढतात. त्यानंतरचा अर्धा तास थांबून पाहा. सतरंज्या कोण उचलतो, माइकची वायर कोण गुंडाळतो, मागच्या खोलीत शंभर माणसांच्या जेवणाची पातेली कोण घासते. पातेली घासणाऱ्या त्या बायांपैकी किती जणी आज मंचावर होत्या, आणि पुढच्या सभेला सतरंजी उचलण्याची पाळी कुणाची, हे आमच्या अभ्यासवर्गात आम्ही गेल्या महिन्यापासून चिठ्ठ्या टाकून ठरवायला लागलो आहोत. पहिली चिठ्ठी अध्यक्षांची निघाली. ते थोडे कुरकुरले, पण त्यांनी उचलली.